झिंगराजींचा देबू



गेल्या मार्गशीर्षात आमगाव तालुक्यातील एका गावी सप्ताहाच्या काल्याचे कीर्तन आटोपून मी पारावर टेकलो होतो. प्रसाद वाटून झाला, टाळकरी पांगले, तेव्हा एक माय संकोचत जवळ आली. तिच्या धन्याने आषाढीला पंढरपुरात माळ घातली होती. पोळ्यापर्यंत त्याने ती पाळली आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या गर्दीत, तोडली. आता देव कोपला का, आणि पुन्हा माळ घातली तर चालेल का, एवढेच तिला विचारायचे होते. मी त्या वेळी दोन शब्द बोलून तिची समजूत काढली खरी, पण माझे मलाच ते उत्तर अपुरे वाटले. बैलगाडीच्या काळात तरी परतीच्या वाटेवर विचाराला वेळ मिळत असे. आता मोटारीने तासाभरात घर येते. तरी त्या तासाभरात मला आणखी एका मायेची आठवण होत राहिली. ती म्हणजे सखुबाई, श्रीगाडगेबाबांची जन्मदात्री.

बाबांचे चरित्र वारकऱ्यांना नवे नाही. खराटा, खापराचे गाडगे, चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, हे रूप घरोघरी तसबिरीत आहे. परंतु हा खराटा हातात येण्यापूर्वी त्या घरात काय घडले होते, तिकडे आपले लक्ष कमी जाते. यास्तव आज चरित्र सांगायचे ते त्या बाजूने.

वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगाव नावाचे खेडे आहे. तेथे झिंगराजी जाणोरकर नावाचे परीट गृहस्थ राहत. दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांच्या पोटी जो मुलगा झाला त्याचे नाव देबूजी. झिंगराजी मुळात वाईट माणूस नव्हते. चरित्रकार सांगतात की आरंभी ते दारूला शिवतही नसत. पण जातीचे जेवण म्हटले, नवस म्हटला, देवाला बकरे म्हटले की त्याबरोबर दारू येणारच, अशी तेव्हाची रीत होती. न पिणारा माणूस पंगतीत वेगळा पडे. सोबत्यांनी आग्रह केला, देवाच्या नावाचा घोट म्हणून पुढे केला, आणि एकदा ओठाला लागलेला पेला पुढे सुटला नाही. आधी देवकार्यापुरती, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. शेतीवाडी गेली, गुरे गेली, घरातले किडूकमिडूक गेले आणि शेवटी शरीर गेले. १८८४ साली झिंगराजी वारले तेव्हा देबू जेमतेम आठ वर्षांचा होता.

मरणाच्या दारात त्यांना स्वतःचे चुकलेले पाऊल स्पष्ट दिसले. देबूला दारूपासून आणि ज्या देवांच्या नावाने ती पाजली जाते त्या देवांपासून लांब ठेव, असे त्यांनी सखुबाईला बजावल्याची हकीकत बाबांच्या चरित्रांतून येते. बाप लेकराला जमीनजुमला देतो, कोणी विद्या देतो. या बापाजवळ देण्यासारखे एवढेच उरले होते. वाचकहो, पुढे बाबांनी नवसाच्या बोकडावर आणि दारूच्या गुत्त्यावर जन्मभर जो हल्ला चढविला, तो ऐकून पुष्कळांना ते नास्तिक वाटले. मला तो बापाच्या शेवटच्या इच्छेचा आदर वाटतो. मुलाने श्राद्ध घालावे तसे बाबांनी पन्नास वर्षे ते घातले.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, बाप हंबीरराव आणि भाऊ चंद्रभानजी यांच्या आश्रयाला आली. देबूने मामाची गुरे राखली, मग नांगर धरला. शेतीत त्याचा हात असा बसला की दापुऱ्यात त्याच्या कामाची वाहवा होऊ लागली. शाळा मात्र घडली नाही. १८९२ साली कुंताबाईशी लग्न झाले. पुढे मामा एका सावकाराच्या कागदात अडकले. न वाचता आंगठा उठवला आणि जमीन गेली. त्या धक्क्याने मामाही गेले. बाप दारूने नेला, मामा कर्जाने नेला. दोन्ही वेळेला मागे राहिलेली बाई आणि पोरे यांची दशा देबूने घरातच पाहिली होती. सबब पुढे कीर्तनात ते दारू, कर्ज आणि निरक्षरता या तिघींना एकाच दावणीला बांधून बोलत, ते काही पुस्तकातून आले नव्हते.

आता त्या बारशाची गोष्ट सांगतो. देबूजींना पहिली मुलगी झाली, आलोका. बारसे ठरले. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू झालीच पाहिजे. कर्ज काढा, पण पंगत मोडू नका, असा दंडक. देबूजींनी काय केले, तर पाहुण्यांना पानावर बसवून गोडधोड आणि बुंदीचे लाडू वाढले. दारू नाही, मटण नाही. मंडळी चिडली, कुरकुरली. पण देबूजी हटले नाहीत.

आज बुंदीच्या लाडवात आपल्याला काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळच्या खेड्यात जातीच्या पंगतीपुढे नकार उभा करणे म्हणजे उद्या मेल्यावर खांदा द्यायला चार माणसे मिळतील की नाही, याची जोखीम घेणे होते. आणि लक्षात घ्या, त्यांनी पंगत बंद केली नाही. माणसांना घरी बोलावले, पोटभर जेवू घातले, मान राखला. दारू काढली आणि तिच्या जागी लाडू ठेवला. नुसते काढून घेतले असते तर जागा रिकामी राहिली असती, आणि रिकाम्या जागेत जुनेच परत येते. आमच्या सप्ताहाचे तरी दुसरे काय आहे? संध्याकाळी गुत्त्यावर जाणारा माणूस सात दिवस हरिपाठाला उभा राहतो, कारण त्या वेळी त्याला जायला दुसरी जागा मिळालेली असते. आठव्या दिवशी मंडप सुटला की ती जागा जाते. ही आमची उणीव आहे, ती मी पुढे सांगणारच आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे देबूजी घर सोडून निघाले. हातात काठी, एक गाडगे, अंगावर फाटके वस्त्र. बारा वर्षे ते अनवाणी, ऊनपावसात हिंडले. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. भाकर मागितली तर त्या घरचे काहीतरी काम करून द्यायचे. लोकांनी वेडा म्हटले तरी हसायचे. गाडगे घेऊन हिंडणारा तो गाडगेबाबा, असे लोकांनीच नाव पाडले. पूर्णाकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तेथे नदीच्या चिखलात यात्रेकरू घसरत, म्हातारी माणसे पडत. बाबांनी तेथे माणसे जमवून घाट बांधला. आंधळ्या-पांगळ्यांना अन्न सुरू केले. घरच्यांना हरवलेला देबू पुन्हा दिसला तो याच ऋणमोचनच्या यात्रेत. सखुबाईने लेकाला त्या वेषात पाहिले तेव्हा तिला काय वाटले असेल, ते ज्याचे त्याने समजावे.

मी स्वतः कीर्तनकार. काशीचे नसले तरी पाठशाळेतले शिक्षण झालेले, अमरकोश आणि लघुकौमुदी तोंडपाठ करून व्यासपीठावर आलेला. दारूवर बोलायचे झाले की मी धर्मशास्त्र काढीत असे. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी, गुरुतल्पगमन आणि असे पाप करणाऱ्याचा संसर्ग, ही पाच महापातके. हे सांगताना आवाज चढायचा, माना डोलायच्या. पण माना डोलणारे सारे न पिणारे असत. पिणारा मंडपाच्या बाहेर, अंधारात उभा. शास्त्राने पाचवे पातक संसर्ग सांगितले ते सज्जनाच्या रक्षणासाठी, हे मला मान्य आहे. परंतु सगळेच सज्जन दूर सरले की पिणाऱ्याच्या जवळ पिणारेच तेवढे उरतात, हे मला साठी उलटल्यावर कळले. गाडगेबाबांना ते पंचविशीत कळले होते.

त्यांचे कीर्तन आमच्या पद्धतीचे नव्हते. अस्सल वऱ्हाडी बोली. ते प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तर देई. सावकाराचे व्याज किती, पोरगा शाळेत जातो का, घरात भांडी किती, देव बकरे खातो की माणसे खातात, असे साधे प्रश्न. ऐकणारा उत्तर देता देता स्वतःच्याच तोंडून स्वतःचे चुकलेले कबूल करून बसे. हे सामर्थ्य मोठे आहे बरं का! वक्त्याने दोष दाखविला तर माणूस मनात वाद घालतो. स्वतःच्या तोंडून निघाले की वाद कोणाशी घालणार? आज व्यसनमुक्तीच्या केंद्रांतून समुपदेशक जे काम करतात त्यातही शहाणा समुपदेशक रागे भरत नाही, प्रश्न विचारून माणसाला त्याचे त्यालाच बोलू देतो, असे मी तेथील लोकांकडून ऐकले आहे. बाबा त्यासाठी कोठे शिकायला गेले नव्हते.

दुसरे असे की दिवसभर ज्याने गावातली घाण उपसली तोच रात्री बोलायला उभा राही. त्यामुळे तो वरून बोलतो आहे असे कोणास वाटत नसे. पाया पडू देत नसत, कोणाला मंत्र देत नसत, कोणाचे गुरू होत नसत. कीर्तन संपले की पुष्कळदा त्याच रात्री गाव सोडीत.

पंढरीत लाखो वारकरी विठ्ठलाच्या दर्शनाला रांगेत असताना हा माणूस रस्ते झाडीत असे. ज्यांना तेव्हा शिवाशिवीमुळे कोठे थारा नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत इस्पितळात आलेल्या गरीब रोग्यांच्या नातलगांसाठी निवाऱ्याची सोय झाली. पुढे त्यांच्या मिशनने दादरला जी धर्मशाळा चालविली तेथे टाटा रुग्णालयातील कर्करोगाचे रुग्ण उतरतात. लाखोंची इमारत उभी राही, पण बाबांच्या घरची माणसे तेथे फुकट राहणार नाहीत, ही त्यांची शिस्त. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंदा गेला. बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. यावर अधिक लिहिण्याचा मला धीर होत नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले, म्हणजे कामाला संस्थेचा आधार मिळाला. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी अवश्य ऐकावे. आवाज थकलेला, पण प्रश्न तेच. त्या वेळी मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याची दारूबंदी होती. पुढे ती सैल होत गेली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीस गाडगेनगरात समाधी आहे. त्यांच्याच विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हेच काम १९६८ पर्यंत चालविले, आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना खेड्यापाड्यांतून होते, हे आपण जाणताच.

आता आपल्या गोंदियाकडे वळतो. हा जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. धानाचा मुलूख, तळ्यांचा मुलूख आणि मोहाचा मुलूख. चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाया देवरी-सालेकशाच्या रानात अजून दिसतात. आमच्या आजीच्या काळी दुष्काळात ही फुले शिजवून खाल्ली जात. त्यांनी माणसे जगवली आहेत. गोंड बांधवांच्या देवकार्यात मोहाला मान आहे, तो त्यांचा अधिकार. देवापुढे चार थेंब सांडणे निराळे आणि उजाडताच हात थरथरतो म्हणून बाटली शोधणे निराळे. मी झाडाला दोष देत नाही.

महाराष्ट्रात २००८ पासून एक नियम आहे, तो पुष्कळ मायबहिणींना ठाऊक नाही. गावातील चतुर्थांश महिला मतदारांनी सहीचा अर्ज केला की गुप्त मतदान घेता येते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर मत दिले तर परवान्याचे दुकान बंद होते. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. ती पूर्ण पाळली जाते असे कोणी म्हणणार नाही, पण ती मागणाऱ्यांत बायका पुढे होत्या. दुकान बंद झाल्याने गावाच्या पायाखालचा एक काटा निघतो, हे खरे. पण ज्याच्या अंगात काटा रुतून बसला आहे त्याचे काय?

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सप्ताहात वीस वर्षे पिणाऱ्या एका गड्याच्या गळ्यात मी माळ घातली. आजपासून थेंब नाही, असे सर्वांसमक्ष वदवून घेतले. मला फार आनंद झाला, फोटो निघाले. तिसऱ्या दिवशी त्याचे अंग कापू लागले, घामाने अंथरूण भिजले, भिंतीवर त्याला किडे दिसू लागले, आणि रात्री फेफरे आले. गावात कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी म्हणाले माळेला काहीतरी बाट लागला. एक दिवस देवऋष्याकडे गेला. इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलले ते मी विसरलो नाही. रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावलेले असते. ती एकाएकी तुटली तर दोन-तीन दिवसांत असा झटका येऊ शकतो आणि त्यात माणूस मरूही शकतो. औषध देऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली, ती सोडवायची असते. तो गडी वाचला, ही पांडुरंगाची कृपा आणि त्या डॉक्टरांचे कष्ट. माझ्या पुण्याईने नव्हे.

त्यानंतर मी माळ घालणे सोडले नाही, क्रम बदलला. आधी इस्पितळ, मग माळ. गोंदियात कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आहे, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याला जोडलेले आहे. तेथे मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवावे. जाण्यापूर्वी विचारायचे असेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट दूरध्वनी आहे. व्यसन हा रोग आहे, असे म्हटल्याने पाप धुतले जाते अशी भीती काही वृद्ध कीर्तनकार मित्रांना वाटते. मी त्यांना विचारतो, महारोगी रस्त्यात पडला असता बाबांनी त्याचे पाप मोजले असते, की त्याला उचलले असते?

आणि इस्पितळातून परत आल्यावर काय? खरी परीक्षा तेथे आहे. अमेरिकेत १९३५ साली एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांना धरून राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस नावाची संगत वाढली. सुटलेल्याने सुटू पाहणाऱ्याजवळ बसायचे, आजच्या दिवसापुरते सांभाळायचे, एवढेच तिचे सूत्र. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही सुटलेली माणसेच पुढे इतरांना सांभाळायला उभी राहतात. ऐकून मला आपली दिंडी आठवली. दिंडीत कोणी एकटा चालत नाही. मागे पडला तर विणेकरी थांबतो. पण आपली ही दिंडी वर्षातून एकदा आणि सप्ताह सात दिवस. ज्याने माळ घेतली त्याच्या दारी आठव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोण जाते? आमच्या गावच्या भजनी मंडळाने गेल्या वर्षीपासून एवढे ठरविले आहे की पोळा, होळी आणि लग्नाची वरात या दिवशी माळकरी पोरांना संध्याकाळी एकटे सोडायचे नाही. देवळात भजन लावायचे आणि जेवण तेथेच. खर्च फार येत नाही. गेल्या होळीला आम्ही बुंदी पाडली होती. हलवाई नवखा होता, पाक जरा कडक झाला, पण संपली सगळी.

त्या आमगावकडच्या मायेला मी निरोप धाडला आहे. माळ तुटली म्हणून देव कोपत नाही; पुन्हा घालता येते, आणि पुन्हा तुटली तर पुन्हा. मात्र या खेपेस धन्याला घेऊन सोमवारी सकाळी आधी गोंदियाला यावे. मी रुग्णालयाच्या दाराशी थांबेन. त्याने मध्येच आपल्या मनाने एकदम बंद करू नये, हेही कळविले आहे. आणि रांगेत वेळ लागतो, म्हणून दोघांची भाकर बांधून आणावी.